रेघ ओढलेली सायकल

माझ्या नणंदेला सगळे भिंगरी म्हणतात. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि तिथेच राहिलं. लहानपणी ही पोरगी एका जागी म्हणून बसायची नाही, तेव्हा सासूबाईंनी हे नाव पाडलं. सासूबाई गेल्या, नाव राहिलं. आता भिंगरी छत्तीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असते. तिची खोली वेगळी, बाकी स्वयंपाकघर, भांडणं आणि देव एकच.

ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. तपासायचं काम नव्हे, आणायचं. सकाळी सातला पाठीला थंड पेटी बांधून निघायचं, आठ-दहा दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि साडेदहाच्या आत लॅबच्या खिडकीत नेऊन ठेवायच्या. हे सगळं ती सायकलवर करते. लॅबच्या मालकांनी एकदा सांगून पाहिलं, "अहो, स्कूटर घ्या, हप्ते मी भरतो."

ही म्हणाली, "स्कूटरला पेट्रोल लागतं साहेब. मला अर्धा कप चहा पुरतो."

या बाईचे पाय तसे का आहेत, हे सांगायचं तर तिच्या मामांचं सांगायला हवं. म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन गाळ्यांचं, आमच्यापासून वीस मिनिटांवर. भिंगरीचे वडील ती दहा वर्षांची असताना गेले. त्यानंतर शाळा सुटली की ती मामांच्या दुकानात. पंक्चर काढणं, चेन धुणं, चाकात तारा भरून ते सरळ करणं, सगळं तिथेच शिकली. गावाबाहेर क्रीडा संकुलात सायकलींचा गोल ट्रॅक होता, वळणावर भिंतीसारखा चढलेला. मामांनी तिला तिथे नेलं आणि चौदाव्या वर्षी फिक्स गिअरच्या सायकलवर बसवलं.

ही सायकल आपल्या साध्या सायकलीसारखी नसते. आपण उतारावर पाय थांबवतो आणि चाक आपलं फिरत राहतं. हिच्यात तसं नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. ट्रॅकवर तर तिला ब्रेकही नसतो. थांबायचं तर पायांनीच मागे जोर लावून चाकाला रोखायचं. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "हे म्हणजे संसारच की. मधे पाय काढता येत नाही."

पाच वर्षं ती त्या ट्रॅकवर शर्यतींत उतरली. खोलीत सात कप आहेत, एकात पेनं आणि एकात सुट्या पिना. मग नोकरी लागली, सासूबाईंचं आजारपण आलं, ट्रॅकला भेगा पडून तो बंद झाला. तिची सायकल मामांच्या दुकानात छताच्या हुकाला टांगली गेली.

यंदा ट्रॅक नव्याने बांधला. मुलींना शिकवायला एक बाई हवी अशी जाहिरात आली. अर्ध्या दिवसाचं काम, पगार लॅबच्या दीडपट, जागा एकच. भिंगरीने तो कागद माझ्यापुढे पोळपाटावरच ठेवला.

"वहिनी, वाच."

मी वाचलं. उमेदवाराने स्वतःची फिक्स गिअरची सायकल आणावी. दहा फेऱ्या माराव्यात आणि पांढऱ्या पट्टीवर ब्रेकशिवाय थांबून दाखवावं.

"तुला जमेल?"

"झोपेत जमेल. सायकल कुठाय?"

प्रश्न तोच होता. तिने बाजूला टाकलेले बारा हजार होते, त्यापुढे एक पैसा नाही. त्यात नवी घ्यायची की मामांकडची जुनी नीट करून घ्यायची?

नवी पाहायला आम्ही दोघी मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, केसांना काहीतरी लावलेला. साडेअकरा हजारांची एक काळी सायकल त्याने पुढे काढली. भिंगरीने एका हाताने उचलली आणि तोंड वाकडं केलं.

"लोखंड आहे नुसतं. हिच्यापेक्षा आमची वहिनी हलकी."

"ताई, या पैशात हेच," तो हसत म्हणाला. "पण मागचं चाक खरं फिक्सचं आहे. रिंग बघा, उलट्या आट्यांची. दोन वर्षं गॅरंटी, पावती देतो."

त्या रिंगची गोष्ट मला भिंगरीने परत येताना सांगितली. मागच्या चाकावर दात्यांची चकती असते. ती आट्यांनी बसते. पुढे पायडल मारलं की घट्ट होते, पण थांबण्यासाठी मागे जोर लावला की सुटायला बघते. म्हणून तिच्यावर एक रिंग आवळतात, तिचे आटे उलटे. चकती सुटायला निघाली की ही रिंग उलट तिलाच दाबून धरते. त्या दोन बोटांच्या रिंगवर माणसाचा जीव.

घरी चर्चा झाली. माझे मालक, म्हणजे भिंगरीचा दादा, नव्याच्या बाजूने होते. "नवी ती नवी. पावती मिळते, भांडता येतं. जुन्याचं नाव काढू नका. आपला तो जुना फ्रीज आठवतो ना? थंड करायचं सोडून सगळं करायचा."

"तो तू अनोळखी माणसाकडून घेतलास," भिंगरी म्हणाली. "माझी मामांकडे टांगलेली आहे. माझीच आहे."

मीही म्हटलं, "मामांकडचं ते घरचंच की." हे मी म्हटलं होतं, ते मला आजही आठवतं.

मामांच्या दुकानात एक रीत आहे. ज्या नटाला त्यांनी स्वतःच्या हाताने पाना लावला, त्यावर ते मामींच्या नखांच्या लाल रंगाने एक बारीक रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गावात सगळे ती रेघ ओळखतात. रेघ आहे म्हणजे पुन्हा पाना लावून बघायचं नाही. लावला तर रेघ मोडते, आणि रेघ मोडणं म्हणजे मामांच्या तोंडावर तुमचा भरवसा नाही म्हणणं. एकदा एका शिक्षकांनी असं केलं होतं. मामांनी त्यांची सायकल पुन्हा हातात धरली नाही.

आम्ही गेलो तेव्हा सायकल खाली काढून पुसून ठेवली होती. तीच निळी, हलकी. भिंगरीने सीटवरून हात फिरवला तो म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"मामा, मागचं चाक वेगळं दिसतंय."

"अगं, जुन्याची रिम गंजून गेली होती. भंगारात दिलं. हे बसवलंय, चांगलं आहे."

तिचा चेहरा जरा उतरला. ते चाक तिने पंधराव्या वर्षी स्वतः भरलं होतं, छत्तीस तारा. एका तारेच्या टोकाला लागणारी टोपी कमी पडली म्हणून पितळेची लावली होती. पस्तीस चंदेरी आणि एक पिवळी. पण गंजायला वीस वर्षं पुरतात, त्याला कोण काय करणार?

"मामा, ट्रॅकच्या परीक्षेला न्यायची आहे बरं का. ब्रेक काढावा लागणार."

"माहीत आहे गं," मामा म्हणाले. ते तेव्हा भिंतीवर पाना अडकवत होते.

ती मागच्या चाकाशी वाकली. रिंग होती, चकती होती आणि दोन्हींवरून ओढलेली लाल रेघ होती. तिचा हात त्या रिंगच्या पान्याकडे गेलेला मी पाहिला. मामाही बघत होते.

"रेघ दिसते ना?" ते म्हणाले.

तिने हात मागे घेतला. "दिसते हो मामा." आणि हसली.

टायर, चेन, चाक, सगळं धरून मामांनी नऊ हजार सांगितले, ते दिले. मामींनी चहा दिला. मला म्हणाल्या, "सूनबाई, बघा आता, पोरगी पुन्हा चौदा वर्षांची होणार."

पुढचे तीन आठवडे भिंगरी रोज पाचला उठून निघायची. ट्रॅकचा थर वाळत होता म्हणून तो परीक्षेच्या दिवसापर्यंत बंद होता. ती रस्त्यावर चालवायची, पुढे ब्रेक लावलेला. मागे हलका जोर देऊन बघायची, चाक धरायचं. मी तिच्या नावाने रोज देवाजवळ एक वात जास्त लावत होते. मागितलं एवढंच, की हिचं एकदा हिच्या मनासारखं होऊ दे.

परीक्षेला तिघी होत्या. एक आमची. दुसरी पोलिसात असलेली एक बाई. तिसरी टाइल्सच्या व्यापाऱ्याची मुलगी, चोवीस-पंचविशीची, गुणी वाटत होती. परीक्षक बाई पन्नाशीच्या, डोक्याला टोपी, हातात पॅड. मी कठड्याशी उभी होते.

भिंगरीने दहा फेऱ्या मारल्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण वळणावर ती भिंतीवर चढायची आणि पाखरू उतरावं तशी खाली यायची. परीक्षक बाईंनी लिहिणं थांबवून पाहिलं. पोलीसबाई टाइल्सवाल्याच्या मुलीला म्हणाली, "आपण घरी जाऊया का?"

मग थांबायचं होतं. पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे भिंगरीने अंग मागे घेतलं, पाय आवळले. कट्, असा आवाज मी कठड्यापासून ऐकला. पायडल एकदम सैल झालं. सायकल पट्टीवरून तशीच पुढे गेली.

ती पडली नाही. पडली असती तर बरं, असं मला तेव्हा वाटलं, देव मला क्षमा करो. ती नुसती जात राहिली. पाय स्थिर, हात दांड्यावर आणि चाक आपलं फिरतंय. एक फेरी झाली, दुसरी झाली. सगळे बघत होते. शेवटी वेग गेल्यावर तिने कठडा धरला.

परीक्षक बाईंनी सायकल उलटी केली. ती रिंग त्यांच्या हातानेच सुटून आली, पाना लागला नाही. त्यांनी ती उजेडात धरली.

"ही उलट्या आट्यांची नाही. चाकच साधं आहे, फ्रीव्हीलचं. वर चकती बसवून काहीतरी चिकट घातलंय. कुणी बसवली?"

"माझ्या मामांनी."

"तुम्ही तपासली नाही?"

भिंगरी रिंगवरच्या लाल रेघेकडे बघत राहिली. काय सांगणार? रेघ होती, असं?

बाई काही वाईट नव्हत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही चालवता फार सुंदर. पण उद्या वीस मुली तुम्ही तपासलेल्या सायकलींवर बसतील." आणि पॅडवर लिहिलं.

मी म्हटलं, "चल, घरी जाऊ." पण तिला पुढची बघायची होती. टाइल्सवाल्याच्या मुलीने दहा फेऱ्या मारल्या, बऱ्या मारल्या. पट्टीवर नीट थांबली. सायकल आमच्यासमोरच उभी राहिली आणि मागच्या चाकात काहीतरी पिवळं चमकलं.

पस्तीस चंदेरी आणि एक पिवळी.

भिंगरी तिच्याजवळ गेली. "चाक छान आहे. कुठून घेतलं?"

"अहो, तुमच्याच मामांकडून," मुलगी आनंदाने म्हणाली. "सायकल नवी घेतली, पण तिचं मागचं चाक हलक्या प्रतीचं होतं. मामा म्हणाले, हे जुनं आहे पण खरं आहे. त्यांच्या एका शिष्येने भरलेलं. बाबांनी नुसत्या चाकाचे सात हजार दिले. का हो, काही बिघडलंय का?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "चांगलं भरलंय. जप."

तिथून ती सायकल हातात धरून चालत निघाली ती थेट मामांच्या दुकानात. मी मागे. मला वाटलं ती ओरडेल, रडेल. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, एक दूधवाला आणि एक चष्मेवाले आजोबा. दुरुस्त झालेल्या नऊ सायकली भिंतीला रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीवर लाल रेघा.

भिंगरीने आपली सायकल मधोमध आडवी ठेवली. भिंतीवरचा पाना घेतला आणि रांगेतल्या पहिल्या सायकलीच्या मागच्या नटाला लावला.

"अगं ए! रेघ मोडेल!" मामा उठले.

ती थांबली नाही. पाना आवळला, बघितलं, पुढची. पुढचं चाक, मागचं चाक, हँडलचा नट, सीटचा नट. रेघा मोडत गेल्या. दूधवाला म्हणाला, "ताई, माझी आहे ती," आणि मग तिच्या तोंडाकडे बघून मागे सरकला. नऊच्या नऊ तिने तपासल्या. कपाळावर घाम आला होता.

एकही नट ढिला निघाला नाही. सगळे जसे असायला हवेत तसे, घट्ट.

"सगळ्यांचं चोख आहे मामा," ती म्हणाली. "माझंच तेवढं खोटं?"

मामा खाली बसले. गिऱ्हाईकांकडे बघून म्हणाले, "तुम्ही जरा नंतर या." दोघंही हलले नाहीत.

"टाइल्सवाला दारात येऊन उभा राहिला," मामा म्हणाले. "सात देतो म्हणाला. एका चाकाचे सात. तुझं चाक इथे वीस वर्षं लोंबकळत होतं. मला वाटलं, तू रस्त्यावर चालवशील, ब्रेक लावून. तेवढ्याला ते चालतं."

"परीक्षेला नेणार म्हणून सांगितलं होतं मी. ब्रेक काढणार म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मग?"

मामांनी हात पुसायचं फडकं घेतलं आणि हात पुसत राहिले, स्वच्छ असलेले. "छत्तीस वर्षांची तू. मला वाटलं, हौस आहे. आठवड्याभरात उतरेल. जाशील असं वाटलंच नाही गं. आणि हे बघ, दूधवाल्याला फसवलं तर तो गावभर सांगेल. तू घरची. तुला समजावता येतं."

हे ते अगदी खरेपणाने म्हणाले. म्हणूनच मला ते ऐकवेना. मामी आतल्या दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, गप्प बसा आता." आजोबांनी चष्मा काढून पुसला.

"समजलं मला," भिंगरी म्हणाली. पाना जागेवर अडकवला. तिथे पान्यांच्या आकाराच्या काळ्या खुणा आहेत, लहानपणी तिनेच रंगवलेल्या. खुणेवर बरोबर बसेल असा अडकवला आणि बाहेर पडली.

मी चपला घालत होते तेव्हा मागून मामांचा आवाज आला. "अगं, ती बाटली आण. नऊ सायकलींच्या रेघा पुन्हा ओढायच्या आहेत."

"संपली," मामी म्हणाल्या.

खिडकीच्या कट्ट्यावर बाटली मला दिसत होती. अर्धी भरलेली होती.

जागा टाइल्सवाल्याच्या मुलीला मिळाली. तिचा त्यात काही दोष नाही, भिंगरीही तसंच म्हणते. मामींनी चार दिवसांनी नऊ हजार आणून दिले, पाणीही न पिता गेल्या. मला वाटलं आता सायकलचा विषय संपला. पण भिंगरीने त्या पैशात आपले उरलेले घातले आणि मोठ्या दुकानातली ती काळी, जड सायकल घेतली. मी सोबत होते. तिने दुकानातच पिशवीतून स्वतःचा पाना काढला आणि एकेक नट बघायला लागली. पाऊण तास. दुकानदार हसला.

"ताई, नवी आहे हो. गॅरंटी आहे."

"ती तुझी," भिंगरी म्हणाली आणि रिंगला पाना लावला.

आता ती त्याच सायकलवर नळ्या आणते. रविवारी रिकाम्या मैदानावर जाते, वेगात येते आणि चुन्याने आखलेल्या रेषेवर थांबते. बघायला कुणी नसतं. मामांकडे जात नाही. त्यांचा फोन आला तर "बरं आहे" म्हणते आणि माझ्याकडे देते. मामांना माफ कर असं मी तिला सांगितलेलं नाही. मी देवाजवळ म्हणून बघितलं, पण तिला सांगायला तोंड उघडलं नाही. जुनी निळी सायकल मामांकडे पुन्हा हुकाला टांगलेली आहे म्हणतात.

एक गोष्ट मात्र बदलली. आमच्या घरी रात्रीचा गॅस मी बंद करते, अठरा वर्षं मीच करते आहे. आता भांडी आवरून मी दिवा मालवला की भिंगरी पाणी प्यायच्या निमित्ताने येते, सिलिंडरपाशी वाकते आणि बटण हाताने फिरवून बघते. पहिल्या वेळी मी पाहिलं हे तिच्या लक्षात आलं. ती ओशाळली.

"वहिनी, तुझ्यावर नाही गं."

"बघ, बघ," मी म्हटलं. "बघितलेलं बरं."

बटण बंदच होतं. ती पाणी न पिताच गेली.